चमचा वाजला की

मत्स्यालयात माझ्या शेजारी उभे असलेले काका खाणं घालायला आलेल्या बाईंना म्हणाले,

"ताई, तो कोपऱ्यातला मोठा ऑस्कर मासा माझा. घरच्या टाकीत मावेना, म्हणून गेल्या वर्षी तुमच्याकडे दिला."

"तुमचा होय? पहिले आठ दिवस त्यानं तोंडाला काही लावलं नाही हो!"

"अरेरे! झाकणावर चमचा वाजवल्याशिवाय तो खातच नसे. सांगायचं राहूनच गेलं."

"काकूंनी येऊन सांगितलं ना."

"आमच्या हिनं? माशाचं नाव काढलं तरी तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या!"

"चमचाही त्यांनीच दिला. हा बघा, रोज ह्यानंच वाजवते."

"हा? अहो, हा मी हरवला म्हणून वर्षभर तिची बोलणी खातोय!"

"मग परत नेता का?"

"छे छे, राहू दे! बोलणी खाईन की आणखी दहा वर्षं."