पलटणीचं पातेलं

काकू : अहो मॅडम, पातेलं माझ्या कोठारात, कोठार माझ्या शेतात. मग ते सरकारचं कसं झालं?

मॅडम : काकू, लढाईत मागे राहिलेली प्रत्येक वस्तू सरकारजमा होते. कायदाच आहे तसा. संग्रहालयाचा टेम्पो बाहेर उभा आहे.

काकू : राहू दे उभा. परवा गावात लग्न आहे. या पातेल्याशिवाय इथे एकही लग्न पार पडलेलं नाही. माझंसुद्धा.

मॅडम : तिथे हजारो लोक बघतील हो ते.

काकू : बघून कुणाचं पोट भरतं का? आणि हे आजोबा कोण, मघापासून पातेल्यावरून हात फिरवतायत?

मॅडम : ओळख पटवायला आणलंय त्यांना. नदीपलीकडच्या पलटणीत आचारी होते.

काकू : म्हणजे शत्रूचे?

आचारी : तेव्हा होतो, ताई. आता माझ्याशी फक्त गुडघे भांडतात. पातेलं आमचंच. हा पोचा माझ्याच हातचा, गाडीतून उतरवताना निसटलं होतं.

काकू : मग तुम्हीही हक्क सांगायला आलात?

आचारी : छे हो. आम्ही पळालो तेव्हा आत रस्सा रटरटत होता. त्याचं पुढे काय झालं, हे इतकी वर्षं मनात घोळतंय.

काकू : सासूबाईंनी गावाला वाढला. तळघरात लपून उपाशी बसले होते सगळे.

आचारी : कसा झाला होता?

काकू : खरं सांगू? सासूबाई म्हणायच्या, पार अळणी.

आचारी : मीठ घालायच्या आत तोफा सुरू झाल्या ना.

(तिघंही हसतात.)

मॅडम : आता मी वर काय कळवू?

काकू : कळवा, मालकी सरकारची, स्वयंपाक गावाचा.

मॅडम : बघते. नोंद आमच्याकडे, पातेलं तुमच्याकडे, असं बसवता येईल. पण वर्षातून एकदा तपासायला येईन.

काकू : जेवणवेळेला या म्हणजे झालं.

आचारी : ताई, एक विचारू? माझा जोडीदार चूल विझवायला मागे थांबला होता. तो आलाच नाही.

काकू : कपाळावर भाजल्याचा डाग होता का?

आचारी : हो. उकळतं तेल उडालं होतं. तुम्हाला कसं ठाऊक?

काकू : सासूबाई सांगायच्या. त्यांनीच पुरलं त्याला, बांधापाशी. नाव कळलं नाही, म्हणून नुसता दगड ठेवलाय.

आचारी : नाव मला माहीत आहे.

काकू : मग चला. माझा हात धरा, बांध ओला आहे.