जाळी लावताना मीच अडकलो

कबुतरांना हाकलायचा उपाय मले विचारू नका, काहून ते सांगतो. रायपूरच्या उन्हाचा काही उपयोग व्हावा म्हणून तेलीबांधा भागातल्या आमच्या घरावर सोलर पॅनल लावले. महिन्याभरात त्याखाली कबुतरांचा संसार सुरू झाला. फिटर म्हणाला, चारी बाजूंनी जाळी लावा, पाखरांना इजा होत नाही. मले वाटलं, त्यात काय, आपणच लावू. एका रविवारी दिवसभर खपून जाळी लावली अन् बायकोले कौतुकानं वर बोलावलं.

ती म्हणाली, "छान दिसते. आत कोणी नाही, हे पाहिलं होतं ना?"

"हव. मी काय येडा आहो?"

तेवढ्यात आतून घूं घूं आवाज आला. वाकून पाहतो तर मागच्या कोपऱ्यात मादी दोन पिल्लांवर बसलेली, अन् माझ्या जाळीची एक तार थेट तिच्या घरट्यावर लोंबत होती.

मी एका बाजूची जाळी सोडली अन् तार काढायले पोटावर सरकत आत घुसलो. तार निघाली, पण माझा शर्ट वरच्या लोखंडी पट्टीत अडकला. पुढे जाता येईना, मागे येता येईना. मादी माझ्याकडे नुसती पाहत बसली.

बाजूच्या गच्चीवरून शेजारी ओरडले, "भैया, जाली अंदर से भी लगती है क्या?"

बायकोनं माझे दोन्ही पाय धरले. म्हणाली, "पिल्लं उडाली की मग जाळी लावू. तुमचं उडायचं काही लक्षण दिसत नाही, तुम्हाले ओढूनच काढा लागते."