नकाशातला मांडव

मी बंगळुरूच्या बसवनगुडीतल्या एका कचेरीत शिपाई होतो, तेव्हाचं सांगतो. रस्त्यावरच्या कार्यक्रमांचे नकाशे नुकतेच कॉम्प्युटरवर आले होते. ते काम बघणारी शालिनीअक्का एकदा म्हणाली, "अण्णा, तुमच्या लेकीचा मांडव आणि देवाचा रथ, एकाच दिवशी एकाच रस्त्यावर!"

मी धावत तिच्या टेबलाशी गेलो.

"मुहूर्त कधीचा?" तिने विचारलं.

"साडेदहाचा."

तिने नकाशात बारापर्यंत मांडव ठेवला आणि पुढे रथ.

लग्नादिवशी रथ दहालाच आला. मंगलाष्टकं व्हायची होती. अक्का नकाशाचा कागद घेऊन रथापुढे उभी राहिली. "स्वल्प थांबा, स्वामी. यात आत्ता लग्न आहे. तुम्ही बारानंतर."

रथावरचे पुजारी हसले. "सरी अम्मा, बरं. आम्हालाही अक्षता द्या."

लेकीवर पहिल्या अक्षता रथावरून पडल्या. अक्काचे उपकार कसे विसरू?