हिरव्या उजेडातला फोटो

दवाखान्यात डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून बसलेल्या बाईंच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं.

“बाबा, काय म्हणाले डॉक्टर?”

“फोटो हिरव्यात काढला म्हणाले. हिरवा मिळाला, म्हणजे उद्या इंजिनावर हजर!”

“अहो बाबा, तुमच्या रेल्वेचा सिग्नल नाही तो! डोळ्याच्या आतला फोटो नुसत्या हिरव्या उजेडात काढतात. त्यात रक्त काळं दिसतं, लगेच सापडतं.”

“म्हणजे लाल असतं, ते काळं दिसतं?”

“हो.”

“मग या फोटोतला हा मधला काळा डाग?”

मुलीने फोटो पिशवीत सरकवल्याची सळसळ ऐकू आली.

“बरं. माझ्या साहेबांना फोन लाव.”

“काय सांगू?”

“सांग, लाल लागलाय. आजवर कधी ओलांडला नाही, आताही ओलांडणार नाही.”