देवघरातला कापूस

मी व्हेप ओढायचं सोडलं ते आईमुळं. पण ती वरडली न्हाय बरं का!

दुबईवरनं आलेल्या दोस्तानं मला व्हेपचा एका कॉइलचा अ‍ॅटोमायझर दिलता, म्हंजी तारंच्या गुंडाळीवर रस तापवून धूर काढायची डबी. म्हणला, "नवशिक्याला ह्योच सोपा." कॉइलमधी कापूस आपणच बसवायचा, त्यो रस शोषतो, मग धूर येतो. मी देवघरातला कापूस पिळून कोंबला. ओढला तर नुसता जळका ठसका!

खोकला ऐकून आई आली. तिनं त्ये हातात घेऊन निरखलं. "वात लई घट्ट वळलीयास. तेल चढंल कसं?" म्हणत तिनं कापूस सैल करून बसवला. "आता ओढ."

मी घाबरत ओढला. झकास धूर निघाला.

आई म्हणाली, "थांब, पप्पास्नी बोलावते. दिवा लागलाय, आरती नको व्हय?"