कन्फर्म करायचं राहिलं

(रहिमतपूरजवळचं सोयाबीन काढलेलं रान. माणदेशातून मेंढरं घेऊन आलेले दादासो आणि बयाबाई बांधावर उभे आहेत. लेंडीखतासाठी बसवलेली मेंढरं रानात आहेत, पण दुसऱ्या कुणाची. वडिलांच्या मागे हे रान बघणारा ऋषिराज समोर आहे.)

ऋषिराज : मामा, तीनदा फोन केला. कन्फर्म करा म्हटलं. तुमी केलंच न्हाई, मग दुसऱ्याला रान दिलं.

दादासो : तीनदा इचारलंस, तीनदा येतो म्हनलो. आनि काय ऱ्हायलं?

ऋषिराज : शेवटी मेसेज टाकला होता. त्याला रिप्लाय द्यायचा होता.

बयाबाई : ह्यांच्या डबड्यावर? त्यात नुसता आवाज येतो, बाबा. त्योबी टेकावर चढलं तर.

दादासो : तू थांब गं. ऋषिराज, कन्फर्म मंजे काय रं?

ऋषिराज : म्हणजे पक्कं. नक्की येणार, असं परत सांगायचं.

दादासो : मग पयलं सांगितलेलं कुटं गेलं?

ऋषिराज : आता सगळीकडं असंच हाय, मामा. पाव्हणे जेवायला यायचे असले तरी सकाळी कन्फर्म करावं लागतंय. लोक येतो म्हणत्यात आन् येत न्हाईत.

दादासो : मी कवा आलो न्हाई?

ऋषिराज : तुमचं म्हणत न्हाई मी.

दादासो : माझंच म्हनतोयस की. एकवीस सालं ह्या रानात मेंढरं बसवतोय. आमी हितनं निघालो की तुझा बा म्हनायचा, पुढल्या दिवाळी पाडव्यापास्नं तिसरा दिस, दादासो. मग वरीसभर त्याचा फोन न्हाई का माझा न्हाई. तिसऱ्या दिशी रान मोकळं असायचं.

ऋषिराज : आबांची गोष्ट वेगळी होती.

बयाबाई : व्हय, वेगळीच. चार दीस चालतोय आमी. दोन मेंढ्या व्यायला टेकल्यात. आता त्यास्नी कुटं न्यायचं, ते सांग.

ऋषिराज : ओढ्याकडंचा तुकडा हाय, मामी. नांगरायला ट्रॅक्टर सांगितलाय, त्याला आठवडाभर थांब म्हणतो. त्यानं हो म्हटलं की तुमाला कन्फ...

दादासो : थांबलास का? बोल की.

ऋषिराज : काय न्हाई. न्या मेंढरं. ट्रॅक्टरचं मी बघतो.

बयाबाई : हे आदी म्हनला असतास तर ह्यांचा घसा वाचला असता.

ऋषिराज : चुकलं माझं. पण मामा, आबांना कधीच शंका आली न्हाई? एकवीस वर्षांत?

दादासो : येत असंल की. आमी पोचायचो तवा ह्या बांधावर इड्यांची थोटकं पडलेली असायची. दोन दिसांची तरी. इचारलं तर म्हनायचा, आत्ताच आलोय.

ऋषिराज : आमाला म्हणायचे, रानाला चक्कर मारून येतो.

दादासो : चल, ओढा दाव. ऊन कलतंय.

ऋषिराज : मामा, पुढच्या सालाला मी फोन करणार न्हाई.

बयाबाई : आता ह्यो रुसला वाटतं.

ऋषिराज : न्हाई, मामी. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापास्नं हितं येऊन बसतो.