गार्लिक ब्रेडचा काला

आमच्या बोरीच्या गजूचं लगन कुठं जमलं, ठाऊक हाय का? परभणीत, पास्त्याच्या हॉटेलात! पोरगी जिंतूरची, नोकरीला परभणीत. ती म्हणली, चहा-पोह्याचा कार्यक्रम नको, बाहेरच भेटू. धीर द्यायला गजूनं मला संगं नेलं. मी गाडीवरच त्याला बजावलं, "काट्यानं खायचं, हळू खायचं. तिथं आपलं गावचं काही दाखवायचं न्हाई."

पांढऱ्या सॉसातला पास्ता आला, संगं गार्लिक ब्रेड. गजूनं दोन घास काट्यानं खाल्ले आन् काटा बाजूला ठेवला. मग घरी भाकर कुस्करतो तसा सगळा ब्रेड त्या सॉसात कुस्करला आन् हातानं कालवायला लागला. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"काय करायलास रं?"

"कोरडा ब्रेड उतरंना गड्या घशाखाली."

पोरगी गजूच्या हाताकडं बघायली होती. मी मनात म्हणलं, गेलं हे बी स्थळ.

तिनं आपली प्लेट गजूकडं सरकवली. "माझा बी कुस्करा की. कवाधरनं वाट बघायले, कोण सुरुवात करतंय म्हणून."

त्या टेबलावर शेवटपर्यंत काट्यानं खाणारा मी एकटाच. आन् बिनलग्नाचा बी आजून मीच.